आतल्याचा टाका

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

आधी खाली बस आणि मग वाच. मला नऊ जनावरांचं काम मिळालंय. खरी नव्हेत ग, माणसानं आत शिरून घालायची. अस्वल, ससा, वाघ, माकड अशी नऊ. एका मोठ्या दुकानाच्या गावोगावी शाखा आहेत. त्यांच्या दारांवर ही उभी राहणार आणि येणाऱ्या पोरांना हात करणार. आईच्या हाताखाली आपण दोघी नाटकमंडळींची जनावरं शिवायचो, त्याला किती वर्षं झाली. त्यानंतर मी पडदे, अभ्रे आणि शाळेचे गणवेश सोडून काही शिवलं असेल तर शपथ.

फोन केला असता, पण तुझ्या कानांचा भरवसा नाही. मागच्या खेपेला मी 'दाढ काढली' म्हणाले आणि तू गल्लीभर 'आमच्या वन्संनी गाडी काढली' म्हणून सांगत फिरलीस. तेव्हा पत्रच बरं. शिवाय तुझं पत्र समोर ठेवून कापड बेतता येईल.

आता विचारते. लवेचं कापड बाजारात दोन तऱ्हेचं मिळतंय. एक मऊ आणि पातळ, दुसरं मागून जाड विणीचं. कुठलं घेऊ? डोक्याला आई वेताचा सांगाडा करायची, पण इथं सगळे स्पंजच वापरतात म्हणे. आणि कात्री लावली की लव अर्धवट कापली जाते आणि शिवण टक्कल पडल्यासारखी दिसते, त्यावर आई काय करायची ते साफ विसरले.

काम देणारे साहेब फार हळू बोलतात. इतकं हळू की ऐकायला आपणच पुढं वाकतो. आमचे हे बाहेर पंख्याची वायर जोडत होते, ते नंतर म्हणाले, 'गोगलगाय नि पोटात पाय.' यांना वायरींपलीकडे माणसातलं काय कळतं म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. साहेबांची अट एकच आहे. डोकं वेगळं नको, अंगाला जोडलेलंच हवं.

तुझ्या लेकाला, आपल्या मुंगसाला, माझे आशीर्वाद. नोकरीचं काही जमलं का त्याचं?

तुझी नणंद

१२ फेब्रुवारी

वन्सं,

अभिनंदन. तुम्ही फ्रॉकात होतात तेव्हापासून मी तुम्हाला अहो-जाहो करत आलेय, तर आज ते सार्थकी लागलं.

कापड मागून जाड विणीचंच घ्या. पातळ दिसायला गोंडस असतं, पण चार दिवसांत काखेत उसवतं. जाड विणीचं हातानं फाडू म्हटलं तरी फाटत नाही. कात्री मुळीच लावू नका. कापड उलटं पसरा, खडूनं आखा आणि पात्यानं नुसती मागची वीण कापा, लव आपोआप सुटी होते. शिवताना लव बोटानं आत सारत जायची आणि शिवून झालं की जाड सुईच्या टोकानं शिवणीत अडकलेले केस बाहेर ओढायचे. मग शिवण कुठं आहे ते तुम्हालासुद्धा सापडायचं नाही. लव सगळीकडं वरून खाली वळलेली हवी. तुम्ही एकदा वाघाचा एक पाय उलटा बेतला होता आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, 'हा वाघ एका पायानं मागं चाललाय.'

अस्तर सुतीच घाला, चकचकीत कापड घाम पीत नाही. बघायला भोक डोळ्यांत नको, तोंडात ठेवा आणि काळी जाळी लावा. जनावराचे डोळे लोकांसाठी असतात, माणूस बघतो तोंडातून.

आता मुख्य. डोकं जोडलेलं हवं असेल तर जोडा, पण आतल्याचा टाका विसरू नका. विसरला नसालच, तरी लिहिते. डाव्या काखेपासून कमरेपर्यंतची शिवण गोणीच्या तोंडासारखी साखळी टाक्यानं घालायची आणि दोऱ्याचं टोक जाड फितीला बांधून फितीची गाठ आत काखेत सोडायची. गाठ ओढली की सगळी शिवण एका ओढीत सुटते आणि माणूस बाहेर. सासूबाई त्या गाठीला कळसा म्हणायच्या. काखेत कळसा नि गावाला वळसा असं कुणाचं होऊ नये म्हणून घालणाऱ्याचा हात आधी त्या गाठीवर नेऊन ठेवायच्या. 'रूप बघणाऱ्याचं, दार घालणाऱ्याचं' हे त्यांचं वाक्य तुम्हाला मी सांगायला नको.

मुंगूस हसतोय शेजारी बसून. चार वर्षांचा असताना सासूबाईंनी त्याला मुंगसाचं अंगडं शिवलं आणि ते त्यानं अंगावरून काढलंच नाही, म्हणून तर हे नाव चिकटलं. गाठ ओढून फटीतून सुटायचा आणि पळायचा. मी रोज शिवायची आणि हा रोज उसवायचा.

त्याचं जमलंय बहुतेक. परगावी एका मोठ्या कंपनीत, लोकांशी रोज संबंध येणारं काम. जनसंपर्क म्हणाला. कपडे कंपनीचे. मापं घेऊन गेलेत, डोक्याचासुद्धा घेर घेतला. रुबाबदार टोपी असणार. नीट विचारलं की विषय बदलतो, पण पोरगा आनंदात आहे आणि मीही आहे.

वहिनी

२५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मशीनच्या वर भिंतीला चिकटवलंय. जाड विणीचं कापड आणलं. पात्यानं कापायची युक्ती चालली, शिवण खरंच सापडत नाही. घरभर लव उडतेय. हे म्हणतात, जेवताना घासात अस्वल येतं.

ससा पहिला झाला. नमुना म्हणून घाईनं मागितला, म्हणून मी साधीच शिवण मारून दिला. आतल्याचा टाका सावकाश घालू, परत तर येईलच, असं वाटलं. तो आलाच नाही, कामाला लागलासुद्धा.

द्यायच्या आधी एक गंमत झाली. तू लिहिलं नव्हतंस, पण आई म्हणायची ना, स्वतः घातल्याशिवाय देऊ नये. म्हणून मी घातला. ससा लहान मापाचा आहे, कुणी बाई असणार. चेन पाठीवर आहे, ती हाताखालच्या मुलीनं लावली आणि ती जेवायला गेली. मी आरशासमोर चार उड्या मारल्या, स्वतःलाच हात केला. मग काढू म्हटलं तर पाठीपर्यंत हात पोचेना. पंजे बाह्यांना जोडलेले, त्यामुळे बोटांचा उपयोग नाही. डोकं निघत नाही. नुसत्या तोंडाच्या जाळीतून श्वास घ्यायचा. मी हाक मारली तर स्पंजातून आवाज मलाच ऐकू आला. मग मी दारावर धडका दिल्या, ग. हे शेजारी होते म्हणून धावत आले आणि दार उघडून आधी पोट धरून हसले. मग चेन काढली आणि माझा चेहरा बघून हसायचे थांबले.

साहेबांना मी हे सांगितलं. म्हटलं, आतून सुटायची सोय पाहिजे. ते म्हणाले, 'ताई, हीच तर अडचण आहे. मागची माणसं पोरांसमोर डोकं काढून बिडी ओढत बसायची. अस्वलातून माणूस निघाला की मुलं रडतात. आता चेनीला मानेशी लवेखाली चाप लावा, तो आमचा मुकादम उघडेल. सोय आहेच की.' सगळं इतकं हळू, जणू माझीच समजूत घालतायत. आणि निघताना म्हणाले, आत कसलीही वेगळी उघडझाप ठेवलेली चालणार नाही, प्रत्येक नग मी हात घालून बघणार.

अस्वल बेतायला घेतलंय. मापाच्या चिठ्ठीवर नाव नसतं, नुसतं जनावर आणि आकडे. अस्वलाचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरलाय, म्हणजे घालणारा कुणी ओझी उचलणारा दिसतो. नऊ जणांची मापं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, असं काम आहे हे.

मुंगूस रुजू झाला का? त्याला म्हणावं, साहेब झालास तरी आत्याला विसरू नकोस.

तुझी नणंद

६ मार्च

वन्सं,

हसायचं पत्र लिहिलंत, पण मला हसू आलं नाही. दोनदा वाचलं. अस्वलातून माणूस निघाला की मुलं रडतात म्हणे. आणि अस्वलातून माणूस निघालाच नाही तर कोण रडेल, ते विचारलंत का त्या साहेबांना? यात पाणी मुरतंय.

मुकादम चाप उघडेल ही काय सोय झाली? मुकादम जेवायला जातो, मुकादम झोपतो, मुकादम विसरतो. आत माणूस आहे, पेटीत ठेवलेला कोट नाही. याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, आणि इथं तोंड दाबायचं काम तुमच्या हातून करून घेतायत.

काम हातचं जाईल हे मला समजतं. तुमच्या घरी कसं चाललंय हेही मला माहीत आहे, म्हणून सोडा असं म्हणत नाही. टाका घाला एवढंच म्हणते. घालायचा नसेल तर सासूबाईंची कात्री मला परत पाठवा. हे रागानं लिहिलंय आणि खोडणार नाही.

तुमच्या अस्वलाचा डावा खांदा बोटभर उतरलाय म्हणता. आपल्या मुंगसाचाही तसाच आहे, झाडावरून पडला होता त्याचा. त्याचे सदरे मी तसेच बेतते. असेल बिचारा असाच कुणाचा तरी पोरगा. त्या पोराच्या आईनं तुम्हाला काय सांगितलं असतं, ते मनात आणा.

मुंगूस एक तारखेला गेला. पत्ता वसतिगृहाचा आहे, खाली लिहिते. घर खायला उठतंय.

वहिनी

२० मार्च

वहिनी,

काम संपलं. साहेबांनी प्रत्येक जनावरात खांद्यापर्यंत हात घालून शिवणी चाचपल्या आणि मान हलवली. जसं हवं होतं तसं झालं म्हणाले. आठही नग गेले.

कात्री पाठवत नाही. याहून जास्त विचारू नकोस.

तब्येत जप.

तुझी नणंद

११ एप्रिल

वन्सं,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

तुमच्या पत्रावर मी रागावून बसले होते, म्हणून उत्तर दिलं नाही. आज मुंगसाचं पत्र आलं. आधीच्या दोन पत्रांत नुसतं मजेत आहे, मजेत आहे. यात लिहितो, घामोळ्याची पावडर पाठव, मोठा डबा पाठव. अंगभर उठलंय. मी म्हटलं, दिवसभर कचेरीत बसणाऱ्याला एवढं घामोळं कशानं? पुढं लिहितो, कामावर पाणी कमीच पितो कारण मधे जाता येत नाही. आणि शेवटी लिहितो, आई, लहान मुलं येऊन मिठी मारतात तेव्हा फार बरं वाटतं, त्यांना मी दिसत नाही पण मला ती दिसतात.

वन्सं, मी ते वाक्य किती वेळ बघत बसले. मग उठून तुमचं पंचवीस तारखेचं पत्र काढलं. मग पेटीतून त्याचा सदरा काढून चटईवर पसरला आणि खांद्याला टेप लावला. मला लावायची गरज नव्हती.

ते अस्वल आपला मुंगूस आहे.

सांगितलं नाही त्यानं. आईला काय सांगायचं, अस्वल झालोय? आणि मी गल्लीत जनसंपर्क जनसंपर्क करत मिरवत होते.

आता दुसरं काही लिहू नका. टाका घातला होता की नाही, एवढंच लिहा. वाण्याच्या दुकानातून तुमच्याकडं फोन लावायला सांगितला, तो नुसता वाजत राहिला. इथं उन्हानं पत्रे तापलेत, तिथं काय असेल? माझा गुडघा सुजलाय, तरी मी दोन दिवसांत निघते, मग गाडीत चढवायला कुणी मिळो न मिळो.

तुमच्याकडून नाही असं उत्तर आलं तर मी तुम्हाला काय म्हणेन ते मलाच माहीत नाही.

वहिनी

१६ एप्रिल

वहिनी,

घातलाय. अस्वलात घातलाय, आठही जनावरांत घातलाय. निघू नकोस, आधी हे पूर्ण वाच.

तुझं रागाचं पत्र आलं त्याच रात्री ठरवलं होतं. तुला लिहिलं नाही, कारण शेवटचे पंधरा दिवस साहेबांनी इथं स्वतःचा माणूस बसवला होता. टपालही तोच नेऊन टाकायचा आणि पाकीट उजेडात धरून बघायचा. म्हणून तसं कोरडं पत्र लिहिलं. तो गेल्यावरही, तुझं उत्तर आलं की लिहू म्हणून राहून गेलं. साहेब आत हात घालून चेन आणि हुक शोधत होते. गोणीचा टाका त्यांना काय कळणार, त्यांच्या बोटांना ती नुसती शिवण लागली. गाठ मी अस्तराच्या दुमडीत दाबून ठेवली होती.

पण वहिनी, मुंगसाला हे माहीत नाही. आत दार आहे हे घालणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नाही. दार ठेवलं आणि ते कुठं आहे ते सांगितलंच नाही, म्हणजे मी काय केलं? वसतिगृहाच्या पत्त्यावर त्याला आजच वेगळं पत्र टाकतेय.

आणि ससा. सशात टाका नाही. तो तसाच गेला. मी साहेबांना निरोप धाडलाय की सशाच्या कानाची शिवण कच्ची राहिलीय, नग परत पाठवा. ते म्हणतात, कान उत्तम आहेत, गरज पडली की पाठवू. मुंगसाला विचारून ससा कुठल्या गावच्या दारावर उभा असतो ते काढ. बाकी मी बघते.

तुझी नणंद

१९ एप्रिल

वन्सं,

मुंगूस घरी आलाय. तुमचं पत्र अजून मला मिळालेलं नाही, पण उत्तर मिळालं. तुमच्या हातांना माझा नमस्कार, तुम्ही धाकट्या असलात तरी.

माझा गुडघा उचलेना म्हणून निघणं राहिलं होतं, तोवर परवा संध्याकाळी हाच दारात उभा राहिला. गालफडं बसलेली, अंगावर नुसतं घामोळं, ओठ फाटलेले. मी बोलायच्या आधी तोच म्हणाला, 'आई, आत्यानं कळसा ठेवला होता ग.' आणि मग लहान मुलासारखा रडला. धड ऐकू येत नाही हे त्या वेळी बरंच झालं, मी नुसती त्याला धरून बसले.

झालं असं. दुपारची वेळ, मुकादम कुठं गेला पत्ता नाही. अस्वलात हा सकाळपासून. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि हा खाली कोसळला. आसपासच्या लोकांना वाटलं, अस्वल गंमत करतंय. पोरं टाळ्या वाजवत होती. हा म्हणतो, मी काही विचार केला नाही, हातच बाहीतून मागं आला आणि डाव्या काखेत गेला. चार वर्षांचा असल्यापासून त्या हाताला ती वाट माहीत. गाठ लागली आणि ओढली. अस्वल काखेपासून कमरेपर्यंत उघडं पडलं आणि हा बनियनवर बाहेर. तेव्हाच ओळखलं त्यानं की हे कुणी शिवलंय. सासूबाई असत्या तर आज साखर वाटली असती त्यांनी.

त्याच दुकानाच्या मागच्या दारावर ससा असतो म्हणे. एक ठेंगणी बाई आहे, मोठी हसरी. आत गाणी गुणगुणते, पोरांना वाटतं ससाच गातो. हा तिला गाणारी म्हणतो. रोज दुपारी अस्वल नि ससा मिळून भिंतीवर थापा मारायचे, मग मुकादम येऊन दोघांचे चाप उघडायचा. हा निघताना तिच्याकडं गेला होता. म्हणाला, चल तूही, मी मुकादमाला हुडकून आणतो. ती म्हणाली, महिना पुरा व्हायला थोडेच दिवस राहिलेत. तेव्हा यानं तिच्या कानात सांगितलं, तुझ्याही डाव्या काखेत गाठ असणार, माझ्या आत्यानंच शिवलाय, जीव घाबरला की ओढ. ती आतून हसली म्हणे. 'मग जा तू खुशाल. आता माझ्यापाशी गाठ आहे, मला कसली भीती?'

आता तो झोपलाय. झोपेतही डावा हात छातीशी घेऊन. मी तुमच्यावर रागावले होते ते सगळं मागं घेते, कात्रीसुद्धा.

वहिनी

२ मे

वहिनी,

तुझं एकोणिसाचं पत्र मिळालं त्या संध्याकाळी मी गाडीत बसले. तोवर माझंही तुला मिळालंच असेल. त्या दुकानाच्या मागच्या दारावर कुणी उभं नव्हतं. पुढच्या दारावरही नव्हतं. वसतिगृहात माझं मुंगसाच्या नावचं पत्र दाराच्या फटीत तसंच पडलेलं, ते उचलून घेतलं. बायकांच्या खोलीत त्या गाणारीचं विचारलं तर एक म्हणाली, तिला गाडीत घालून नेलं. कुठं ते तिला माहीत नव्हतं. मुकादमानं मला दारातून आत येऊ दिलं नाही.

मी परत आले आणि काल साहेब आले. मी मागितला होता तसा ससा घेऊन आले. पोत्यात घातलेला. खुर्चीवर बसले, चहा घेतला. म्हणाले, 'कानाचं असू दे. डाव्या काखेत अस्तर गेलंय, ते बघा. या वेळी जाड घाला.' मी विचारलं, ती बाई कुठं आहे? म्हणाले, त्या आता कामावर नाहीत. मी विचारलं, बरी आहे ना? त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, नवी मुलगी घेतलीय, मापात थोडी लहान आहे, त्याप्रमाणे आवळून द्या. मग निघताना, त्याच आवाजात, 'तिला गाणं येत नाही. पोरं विचारत राहतात, ससा आता गात का नाही.'

ते गेल्यावर मी ससा उलटा केला. वहिनी, डाव्या काखेत अस्तर हातभर फाटलंय. कापल्यासारखं नाही, ओरबाडल्यासारखं. खालचा स्पंज चिमटी चिमटीनं उकरून काढलाय, त्याचे कण खाली पायांपर्यंत साठलेत. मग कापडाची मागची वीण लागते, ती तशीच आहे. ती हातानं फाटत नाही. विणीवर नखांच्या रेघा आहेत आणि थोडं रक्त. बाकी सगळं अस्तर चांगलं आहे. पाठीला नाही, मानेला नाही, चापापाशी नाही. तिनं दुसरीकडं कुठंच शोधलं नाही. एवढ्याच जागी शोधत राहिली, कारण तिला खात्रीनं सांगितलं होतं की गाठ इथं आहे.

तो टाका माझ्या हातून राहिला. मुंगसाचा यात काडीइतका दोष नाही. त्याच्या जागी तू असतीस तरी हेच सांगितलं असतंस, मीही सांगितलं असतं, आईनंही. हे मी दहा वेळा लिहून देईन, पण ते त्याला पटायचं नाही हेही मला माहीत आहे. तो आपल्याच घरातला आहे.

म्हणून मी हे पत्र तुला त्याच्यापासून लपवायला सांगणार होते. रात्रभर तेच मनात होतं. त्याला काही कळायला नको, बाई गावी गेली म्हणून सांगू. पण सकाळी उठले आणि ससा समोर टेबलावर पडलेला. उद्या नवी मुलगी त्यात शिरणार. मी अस्तर शिवलं की हे सगळं झाकलं जाईल, आणि साहेबांना तेच हवंय.

मी ते शिवणार नाही. आमचे हे आज कामावर गेले नाहीत, पोत्यापाशी दारात बसून आहेत. आम्ही ससा आहे तसा चौकीवर नेणार आहोत. पण तिथं आधी विचारतील, आत होतं कोण? मला तिचं नावही माहीत नाही. मापाच्या चिठ्ठीवर नुसतं 'ससा' लिहिलंय. तिचं नाव, रोजच्या थापा, मुकादम, चाप, हे सगळं सांगणारा एकच माणूस आहे. उरलेली सात जनावरं कुठल्या गावांत उभी आहेत तेही त्याच्याशिवाय कळायचं नाही, आणि त्या सातांना त्यांची गाठ कुठं आहे ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा त्याला घेऊन ये. वाटेत सांगू नकोस, गाडीत त्याला उतरून जाता येणार नाही. घरीच सांग, तुझ्यासमोर बसवून, आणि तो ओरडला तर ओरडू दे. तुला तर धड ऐकू येत नाही, पण तू त्याच्या तोंडाकडं बघत राहा. आणि सांगायच्या आधी त्याला पोटभर जेवू घाल, नंतर तो किती दिवस जेवणार नाही ते आपल्याला माहीत नाही.

तुझी नणंद